युनिव्हर्सिटीचं फुकट ऑनलाइन काउन्सेलिंग: चॅट भारी, व्हिडिओ जेमतेम
परदेशातून आलेल्या पोरांसाठी आमच्या युनिव्हर्सिटीने दिलेलं ॲप, ३ स्टार. चॅट मस्त आहे, इंग्रजी पटपट बोलता येत नसेल तर निवांत टाइप करा, समोरची बाई अजिबात घाई करत नाही. सुरुवातीचा पीएचक्यू-९ फॉर्म, म्हणजे गेल्या २ आठवड्यांत झोप, भूक, मूड कसा होता वगैरे ९ प्रश्न, तो आपल्या भाषेत भरता येतो हे बेस्ट. व्हिडिओवर मात्र इंटरप्रिटर घेतला की प्रत्येक वाक्य दोनदा होतं, मग विषयाला हात घालेपर्यंत सेशन संपलेलं, आणि मधेच रडू आलं की तोही बिचारा गप्प बसून राहतो. डबल वेळ द्या ना राव! आणि सुट्टीत दुसऱ्या देशात जाणार असाल तर आधीच विचारून ठेवा, थेरपिस्टचं लायसन्स तिथे चालेलच असं नाही.