घरच्या वर्कशॉपसाठी जुनं टरेट मिलिंग मशीन: घ्यावं का, आणि घेतलं तर कसं बसवावं

आधी निकाल सांगते. घरच्या वर्कशॉपसाठी जुनं टरेट मिलिंग (फिरत्या कटरने धातू कापणारं उभं मशीन) घ्यावं, अगदी जरूर घ्यावं, पण स्लाइड, म्हणजे टेबल ज्यावर सरकतं ते पृष्ठभाग, बघून. मोटार जळलेली असली तरी चालेल. रंग उडालेला, एखादं हँडल तुटलेलं, स्विच खराब, सगळं चालेल. या गोष्टी पुण्याच्या बोहरी आळीत नाहीतर भोसरीत पैसे टाकले की मिळतात. झिजलेल्या स्लाइडचा सपाटपणा मात्र दुकानात मिळत नाही. तो कसबी माणसाकडून स्क्रेप करून, म्हणजे हाताने बारीक खरवडून, परत आणावा लागतो, आणि अशी माणसं पुण्यातही आता शोधावी लागतात.

मी हौसेने दुर्बिणी बनवते. ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यात १९४४ पासून आहे, त्यामुळे आकाश बघणारे आणि काचेवर काच घासून आरसा करणारे इथे भेटतात. आरसा हाताने होतो. अडतं ते पुढे: मिरर सेल (आरसा धरणारी चौकट), फोकसर (आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, पुढे-मागे करणारा भाग), माउंटच्या (दुर्बिणीच्या आधाराच्या) प्लेटा. फोकसरमध्ये आयपीस बसते ते भोक ३१.७५ मिमीचं, म्हणजे सव्वा इंच. ते नुसत्या ड्रिलने जमत नाही, बोअर करावं लागतं. जॉबवर्कवाल्याकडे एकच नग घेऊन गेलं की तो नाही म्हणतो, आणि त्याचं काही चूक नाही. सेटिंगमध्ये तास-दीड तास गेल्यावर एका नगाचे तो किती पैसे सांगणार?

मशीन भोसरीतल्या एका छोट्या शेडमधून घेतलं. शेडचे मालक वयस्कर, बरंचसं काम सीएनसीकडे गेलेलं, त्यामुळे ते जागा रिकामी करत होते. तैवानी बनावटीचं टरेट मिलिंग. नेमप्लेट गेलेली, टेबल नऊ बाय बेचाळीस इंच, मोटार दोन एचपीची, वजन टनाच्या आसपास. आपल्या बाजारात या जातीला एम-वन-टी-आर म्हणतात. मूळ डिझाइन अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टचं. त्यांचं पहिलं मशीन १९३८ मध्ये विकलं गेलं आणि पुढे जगभर त्याच्या प्रती निघाल्या. घरी काम करणाऱ्याला याचा थेट फायदा होतो, कारण मापं ठरलेली आहेत. स्पिंडलचं (कटर फिरवणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग असो की क्विलची (स्पिंडल वर-खाली नेणाऱ्या नळीची) स्प्रिंग, नेमप्लेट नसली तरी भाग जुळतो. माझ्या स्पिंडलला आर-८ टेपर (टूल बसवायचं निमुळतं भोक) आहे. आयएसओ ३० आणि ४० टेपरचीही मशिनं मिळतात आणि तीही चांगलीच. फक्त सौदा करण्याआधी टेपर विचारा, कारण पुढचं सगळं टूलिंग त्यावर ठरतं.

शेडमालक काका म्हणाले, "ताई, रंग मारून देतो, एकदम नवं दिसेल." मी म्हटलं, "रंग राहू द्या काका, मला डायल लावून बघू द्या." त्यावर त्यांनी स्वतःचा डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड आणून दिला आणि स्वतःच सांगितलं, "हे कायम मधल्या व्हाइसवरच चाललंय. टोकं बघा, नवीच आहेत."

जुन्या मिलिंगचं सगळं दुखणं त्या एका वाक्यात आहे. जॉब (कापायचा तुकडा) कायम टेबलाच्या मध्यावर बांधला जातो, त्यामुळे स्लाइड आणि लीडस्क्रू (टेबल सरकवणारा लांब स्क्रू) दोन्ही मधेच झिजतात. टेबल एका टोकाला नेऊन उघड्या पडलेल्या स्लाइडवर बॅटरी मारा. स्क्रेपिंगच्या चंद्रकोरी टोकाला स्पष्ट दिसतात आणि मधे पुसट होत जातात की नाही, ते बघा. मग हँडलचा प्ले (टेबल न हलता हँडल फिरतं तेवढी ढिलाई) मोजा, मध्यावर वेगळा आणि टोकाला वेगळा. माझ्या मशीनवर मध्यावर ०.४ मिमी निघाला आणि टोकाला ०.१५. दोन्हीकडे सारखाच असता तर फक्त नट झिजला असं म्हणता आलं असतं आणि तो सोपा इलाज होता. एवढा फरक म्हणजे स्क्रूही गेलाय. नंतर टेबलाचं टोक हाताने वर उचलून बघा आणि डायल किती हलतो ते टिपा. शेवटी गिब (स्लाइडमधली ढिलाई घालवणारी पट्टी) आवळा. मध्यावर प्ले जाईल इतकी आवळली की टोकाकडे टेबल अडकायला लागतं. किती अडकतं, यावर किंमत बोला. मी दोन शेड आधी बघून आले होते. एका ठिकाणी मशीन चकाचक रंगवलेलं होतं आणि टेबल निम्मं जाऊन घट्ट बसत होतं.

स्पिंडलच्या टेपरमध्ये आतून डायल लावला, काटा शतांशभरही (मिमीच्या शंभराव्या भागाइतकाही) हलला नाही. आर-८ मध्ये कोलेट (कटर पकडणारी चिरलेली नळी) फिरू नये म्हणून बसवलेली छोटी पिन तुटलेली होती. ती बऱ्याच जुन्या मशिनांत तुटलेलीच असते आणि तिच्यावाचून काम अडत नाही, तेव्हा त्यावरून घाबरू नका. खरी काळजी तेलाच्या नळ्यांची. आपल्याकडे तेलाच्या निपलमध्ये ग्रीस भरायची वाईट सवय आहे. ते ग्रीस आत सुकतं, बारीक नळ्या बंद होतात आणि स्लाइड कोरडी चालत राहते. घरी आल्यावर प्रत्येक नळी सोडवून रॉकेलने साफ केली आणि ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल टाकलं. जुन्या मशीनसाठी यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा मोठा उपकार नाही.

हलवण्याबद्दल. हे मशीन वर जड असतं. उचलण्याआधी ‘नी’ (टेबल वर-खाली करणारा भाग) पूर्ण खाली, रॅम (हेड धरणारा आडवा भाग) मागे, आणि हेडचे (मोटार-स्पिंडलच्या वरच्या भागाचे) बोल्ट सैल करून ते उलटं फिरवायचं, म्हणजे मोटार खाली लटकते. त्याने वजन खाली येतं आणि उंचीही कमी होते. घरच्या शटरची उंची सात फूट असेल तर याचा दुहेरी फायदा. हायड्रावाला (क्रेनवाला) दादा कामात तरबेज होता. पट्टे रॅमखालून घेतले, आधी वीतभर उचलून तोल बघितला, मगच टेम्पोत ठेवलं. वाकड, चांदणी चौक, वारजे असं बायपासने धायरीत आणलं. हायड्रा गेटच्या आत येत नाही. तिथून पुढे पाइपचे तुकडे आणि पहार. दोन माणसं घाई न करता टनाचं मशीन आत नेतात, हे स्वतः बघितल्याशिवाय पटत नाही.

जमीन आधी तयार ठेवली होती. पार्किंगच्या टाइल्स काढून तेवढ्या चौकोनात सहा इंच काँक्रीट टाकलं आणि ते पुरेसं मुरू दिलं. टाइलखाली पोकळी असेल तर एवढ्या वजनाने टाइल फुटते आणि मशीन कायम डुगडुगत राहतं. वरच्या मजल्यावर ठेवायचा विचार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वीज हा घरी काम करणाऱ्यांचा हमखास प्रश्न. घरात सिंगल फेज, मोटार थ्री फेज. उपाय व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजवरून मोटारीला थ्री फेज देणारा आणि वेग बदलू देणारा ड्राइव्ह. पण सिंगल फेज २३० व्होल्टवर चालणारा साधा व्हीएफडी थ्री फेजही २३० व्होल्टच देतो, आणि मोटार ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेली. म्हणजे ती डेल्टात, म्हणजे कमी व्होल्टच्या जोडणीत, आणावी लागते. माझ्या मोटारीतून तीनच वायरी बाहेर होत्या. रिवाइंडिंगवाल्याने ती उघडून स्टार पॉइंट सोडवला, सहाही टोकं बाहेर काढली आणि डेल्टा करून दिली. २.२ किलोवॅटचा व्हीएफडी लावला. मशीनवरचा जुना ड्रम स्विच मोटारीच्या लाइनमधून काढून टाकला. व्हीएफडी आणि मोटारीच्या मधे स्विच उघडझाप केला तर व्हीएफडी जातो. सुलट-उलट फिरवायचं काम आता व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलवरून होतं. अर्थिंग पक्कं हवं. मेन बंद केल्यावरही आतले कपॅसिटर काही मिनिटं भरलेले असतात, तेव्हा लगेच झाकण उघडू नका. आणखी एक: या जातीच्या हेडमध्ये बॅक गिअर (वेग कमी करणारा गिअर) टाकला की स्पिंडल उलटं फिरतं, म्हणून लो रेंजमध्ये मोटार उलट चालवावी लागते. नव्या माणसाला हे कोणी सांगत नाही.

स्लाइडचं काम चिंचवडच्या एका निवृत्त फिटरकाकांनी केलं. टेबल पूर्ण ग्राइंड करून सगळं नव्याने स्क्रेप करायला मशीनच्या किमतीइतका खर्च आला असता. काकांनी दुसरा मार्ग सुचवला: मधला झिजलेला भाग भरून काढता येत नाही, म्हणून न झिजलेली टोकं उतरवायची. ब्लू (खूण उमटवणारा निळा रंग) लावायचा, टेबल सरकवायचं, जिथे ठिपका उमटेल तिथे स्क्रेपर चालवायचा, परत ब्लू. त्यांचा हात बघणं हा माझ्यासाठी या सगळ्या उद्योगातला सर्वांत आनंदाचा भाग होता. तो आवाज, खवल्यासारखा निघणारा बारीक कीस, आणि मधेच थांबून बोटाच्या पेराने पृष्ठभाग चाचपणं. गिब सैल पडली म्हणून मागे पातळ पट्टी दिली. आता टेबल पूर्ण लांबीभर सारख्या हाताने सरकतं, आणि मधल्या ४०० मिमीत डायल दोन शतांशाच्या आत राहतो. दुर्बिणीच्या कामाला एवढं पुष्कळ झालं.

मग ट्रॅमिंग, म्हणजे स्पिंडल टेबलाला काटकोनात आणणं. चारही पायांखाली लेव्हलिंग पॅड, टेबलावर लेव्हल, मशीन कुठल्याही कोपऱ्यावर डुगडुगत नाही याची खात्री. स्पिंडलला डायल बांधून २०० मिमीच्या वर्तुळात फिरवायचा आणि हेड डावी-उजवीकडे, पुढे-मागे असं जुळवत आणायचं. नीचं लॉक आवळल्यावरच रीडिंग घ्या, कारण लॉक आवळताना टेबल किंचित हलतं. बोल्टही थोडे थोडे, आलटून पालटून आवळा.

वापरताना मशीन कसं आहे? बारा मिमीचा एचएसएस एंड मिल, माइल्ड स्टील, साधारण ६५० आरपीएम: पृष्ठभाग स्वच्छ, आवाज स्थिर. अ‍ॅल्युमिनियमच्या १२ मिमी प्लेटवर रॉकेलचा हलका हात देत काम केलं की फिनिश आरशाच्या जवळ जातं. बोअरिंग हेडने केलेल्या ३१.७५ च्या भोकात आयपीस हवा दाबत सावकाश आत जाते. मोठ्या फेस मिलने स्टीलवर जाड कट घेण्याइतका दणकटपणा या जातीत नाही. त्यासाठी हॉरिझॉन्टल किंवा मोठं व्हर्टिकल बघा. डीआरओ (टेबलाची जागा आकड्यात दाखवणारा डिस्प्ले) लावला आहे, त्यामुळे प्लेचा मापावर परिणाम होत नाही. पण डीआरओ प्ले घालवत नाही, फक्त दाखवत नाही. क्लाइम्ब कट (कटरचे दात फीडच्या, म्हणजे जॉब सरकण्याच्या, दिशेनेच कापतात तो) घेतला की कटर जॉबला ओढतो आणि टेबल तेवढं उडी मारतं. जुन्या स्क्रूवर कट नेहमी फीडच्या विरुद्ध दिशेने घ्या.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर मशीनच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम बाजूला ठेवा. ईआर-३२ चा चक आणि कोलेटचा सेट (२० मिमीपर्यंतची शँक त्यात धरता येते), चांगली व्हाइस, क्लॅम्पिंग सेट, पॅरलल्स, बोअरिंग हेड. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात क्लॅम्प आणि अँगल प्लेट चांगल्या मिळतात. व्हाइस मात्र नवी घ्या, आणि बांधताना डायल फिक्स्ड जबड्यावर फिरवा.

पावसाळ्यात धायरीची हवा उघड्या बिडाला एका रात्रीत तांबूस करते. काम संपलं की टेबलावर तेलाचा हात आणि वर जाड सुती चादर, यात खंड पडू देत नाही. शेजारच्या आजी दुपारी झोपतात, तेव्हा मशीन बंद असतं. व्हीएफडीमुळे हळूहळू सुरू होतं, घरातले दिवेही लुकलुकत नाहीत.

क्रॉस स्क्रूचा (टेबल पुढे-मागे नेणाऱ्या स्क्रूचा) नट अजून जुनाच आहे. गनमेटलचा नवा करायला टाकला आहे. तो येईपर्यंत त्या दिशेने कट घेताना सॅडलचं (टेबलाखालच्या सरकत्या भागाचं) लॉक अर्धवट आवळून ठेवते.