क्रिस्टल की क्रायो?

विषाणूंच्या रचनेवर पीएचडी करू बघणारी नवी मुंबईतली मुलं हेच विचारतात. क्रिस्टलोग्राफी (स्फटिकावर क्ष-किरण सोडून रचना शोधणं) घराजवळ, खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्येही चालते. पण आधी प्रथिनाचा किंवा विषाणूचा स्फटिक हवा. थेंबाथेंबात मीठ, पीएच बदलत बसा. महिनोन्महिने नुसता गाळ! जमलं तर मात्र अणूंच्या जागा लख्ख दिसतात. 1985 मध्ये सर्दीच्या विषाणूची रचना अशीच उलगडली.

क्रायो-ईएमला, म्हणजे गोठवलेला नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या पद्धतीला, स्फटिक लागत नाही. नमुना द्रव इथेनमध्ये क्षणात गोठवायचा, मग हजारो प्रतिमा संगणकावर जुळवायच्या. 2016 मध्ये झिका, 2020 मध्ये कोरोनाचं स्पाइक (विषाणूवरच्या काट्यांचं प्रथिन) याच वाटेनं उलगडलं. यंत्र कोट्यवधींचं, त्यामुळे नंबर लागेपर्यंत ताटकळणं आलंच.

छोट्या प्रथिनाला औषध कुठं चिकटतं हे बघायचं तर क्रिस्टल. अख्खा विषाणू हवा असेल, तर मी डोळे झाकून क्रायो घेईन.