फौंड्रीत मीटर वाचायला: यूएसबी कन्व्हर्टर की बोर्डाचा यूआर्ट?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत लिनक्स चालवणाऱ्या छोट्या बोर्डावरून मॉडबस मीटर (ठरलेल्या सवाल-जवाबाच्या पद्धतीने आकडे देणारे) वाचायचे, तर त्यांच्या आरएस-४८५ तारजोडणीसाठी दोन वाटा आहेत. एक यूएसबी कन्व्हर्टर, दुसरी बोर्डाच्या यूआर्टवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या सीरियल पोर्टवर, बसवलेला ट्रान्सीव्हर (सिग्नल आरएस-४८५ मध्ये बदलणारी चिप). मी दोन्ही चालवलेत.

जोडणीला यूएसबी सोपा, यात वाद नाही. यूआर्टला डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय जोडलंय ते लिनक्सला सांगणारी फाइल), पिना, आणि पाठवणं की ऐकणं ही दिशा फिरवणारी आरटीएस लाइन जमवावी लागते. दिशा उशिरा फिरली की मीटरच्या उत्तराचा पहिला बाइट गेलाच.

माझा कौल मात्र बिघाडानंतर काय होतं यावर ठरला. इंडक्शन फर्नेस पूर्ण पॉवरला गेली की डीमेसगमध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदींत) ओळ यायची, 'डिसेबल्ड बाय हब (ईएमआय?), री-एनेबलिंग', म्हणजे बहुधा विद्युत नॉइजमुळे हबने यूएसबी पोर्ट बंद केला, परत चालू करतोय. कर्नल आपलं काम चोख करतो: डिव्हाइस काढतो, नव्याने ओळखतो, ड्रायव्हर परत बसवतो. पण आपल्या प्रोग्रामच्या हातात जुनं हँडल (आधी उघडलेल्या पोर्टाची पकड) राहतं. त्यातून वाचलं तर शून्य बाइट, लिहिलं तर ईआयओ (इनपुट-आउटपुट एरर). ते बंद केलं नाही तोवर टीटीवाययूएसबी० हे पोर्टाचं नाव अडकलेलं, आणि तोच कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी१ म्हणून उगवतो. रात्रपाळीत हे झालं की सकाळपर्यंत युनिटची नोंदच नाही. यूडेव्हने (डिव्हाइसांना नावं देणारी लिनक्सची सोय) नाव पक्कं करता येतं, हँडल जिवंत होत नाही. त्यात सीएच३४० या कन्व्हर्टर चिपला सहसा सीरियल नंबर नसतो. दोन लावले तर कुठला कोणता हे पोर्टाच्या जागेवरूनच ओळखायचं, आणि साफसफाईत कुणी अदलाबदल केली की मीटरच बदलले.

तोच नॉइज यूआर्टवर आला तर फ्रेमिंग एरर (बाइटचा शेवट जागेवर न सापडणं) येते, एखादा बाइट बिघडतो, सीआरसी (तपासणीचा आकडा) जुळत नाही म्हणून ती फ्रेम, म्हणजे तो संदेश, टाकली जाते आणि पुढच्या पोलला (विचारणीला) उत्तर मिळतं. पोर्ट जागचा हलत नाही. यूआर्टला लिनक्सचा ८२५० ड्रायव्हर असेल तर प्रॉक फोल्डरमधल्या टीटीवाय ड्रायव्हरच्या फाइलीत 'एफई'चा (फ्रेमिंग एररचा) आकडा चढताना दिसतो. फर्नेसबरोबर तो चढतोय म्हटल्यावर केबलची शील्ड आणि अर्थिंग तपासायला घ्यायचं, इतकं सरळ.

तुमच्याकडे फर्नेस लांब असेल, किंवा पोर्ट बरेच लागत असतील, तर यूएसबीही चालून जाईल. फक्त केबल आखूड ठेवा, आणि ईआयओ आली की हँडल बंद करून बाय-पाथच्या (पोर्टाच्या जागेवरून ठरणाऱ्या) नावाने पुन्हा उघडायचा कोड आधी लिहा. नवीन पॅनल करत असाल तर मी यूआर्टच घेईन. ट्रान्सीव्हर तेवढा आयसोलेटेड (लाइन आणि बोर्ड विजेने अलग ठेवणारा) घ्या, नाहीतर लाइनवरचा झटका थेट बोर्डात शिरतो.