लाल चकतीचे घड्याळ: झोपेच्या वेळी हवे, जेवणाच्या वेळी नको

रात्रीच्या जेवणाला बसल्यापासून मुलांच्या खोलीतला दिवा मालवेपर्यंतचे दीड-दोन तास आमच्या घरी जितके रेंगाळतात, तितका दिवसातला दुसरा कोणताही वेळ रेंगाळत नाही. मुलगा साडेचार वर्षांचा आहे आणि मुलगी नुकतीच दोन वर्षांची झाली आहे. “पाच मिनिटांत आवर” हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारले होते की त्यातली पाच मिनिटे नेमकी केवढी, हे मलाही सांगता आले नसते. म्हणून उरलेला वेळ डोळ्यांना दिसेल असे, लाल चकतीचे घड्याळ आम्ही विकत घेतले. गेले चार महिने ते रोज वापरात आहे आणि त्याचे जे गुण-दोष अनुभवाला आले, ते येथे लिहीत आहे.

वस्तू साधी आहे. वीतभर लांबी-रुंदीची चौकोनी पांढरी तबकडी, तिच्या कडेने शून्यापासून साठपर्यंतचे आकडे आणि मध्यभागी लाल प्लॅस्टिकची चकती. मधली मूठ फिरवून चकती तीसवर आणली की अर्धी तबकडी लाल होते आणि मग ती लाली हळूहळू आक्रसत शून्यावर नाहीशी होते. मागच्या बाजूला एक पेन्सिल सेल बसतो आणि शेवटी वाजणारी पिपाणी बंद-चालू करण्यासाठी एक खटका आहे. काटे नाहीत, दिवा नाही, ॲप नाही.

हा साधेपणा लहान मुलांच्या बाबतीत उपयोगी का पडतो, याचे उत्तर स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या काळाच्या जाणिवेबद्दल केलेल्या कामात सापडते. दोन खेळणी एकाच वेळी निघून एकाच वेळी थांबली, तरी जे जास्त लांब गेले तेच जास्त वेळ चालले, असे लहान मुले ठामपणे सांगतात, हे त्यांनी दाखवून दिले होते. म्हणजे या वयात वेळ हा अंतराच्या आणि आकाराच्या आडून समजतो, आणि चकती नेमके तेच करते: मिनिटांचे रूपांतर आकारात. आमच्या मुलाला ‘दहा मिनिटे’ कळत नाहीत, पण ‘एवढेसे लाल’ पहिल्याच दिवशी कळले.

आता जेवणाबद्दल, कारण खोक्यावरच्या चित्रात हे घड्याळ जेवणाच्या टेबलावर ठेवलेले दाखवले आहे आणि आम्हीही भाबडेपणाने तसेच केले. चकती तीसवर लावली. पहिले चार दिवस खेळ म्हणून छान गेले. पाचव्या दिवसापासून मुलाचे लक्ष ताटावरून उडाले. तो एक डोळा चकतीवर ठेवून जेवू लागला, शेवटच्या पाच मिनिटांत घाईने तोबरे भरू लागला आणि एके संध्याकाळी, लाल रंगाची शेवटची रेघ नाहीशी होताच, अर्धे ताट तसेच टाकून उठला. “लाल संपलं, म्हणजे जेवण संपलं,” हे त्याचे म्हणणे होते आणि तर्काच्या दृष्टीने त्यात खोट काढता येत नव्हती. तासाभराने अंथरुणात शिरल्यावर त्याला भूक लागली, ही त्या तर्काची उरलेली बाजू.

चूक आमची होती. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मुलांच्या जेवणाबाबत जबाबदारीची एक वाटणी सुचवलेली आहे: काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे पालकांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती खायचे, हे मुलाने ठरवावे. भूक भागली की नाही, हे कळण्याची खूण पोटात असते. ती तबकडीवर आणून ठेवली की मूल पोटाकडे बघेनासे होते. म्हणून घड्याळ टेबलावरून हलवले आणि जेवणाच्या आधीच्या दहा मिनिटांना लावायला सुरुवात केली: खेळ आवरणे, हात धुणे, जागेवर येऊन बसणे. हा बदल मात्र फार उपयोगी ठरला. खेळातून एकदम उठवले की होणारा आकांत जवळजवळ थांबला, कारण उठायची वेळ आता माझ्या तोंडून येत नाही. ती समोर मिटत जाताना त्याला दिसत असते. त्याच दहा मिनिटांत मोठ्यांनी आपापले फोन कपाटावर ठेवायचे, हा नियम मुलाने स्वतःच्या अधिकारात जोडला आणि तो पाळून घेण्यात तो माझ्यापेक्षा कडक आहे. त्याच्या बाबांना एकदा त्याने चकती हातात धरून समज दिली होती.

झोपेच्या तयारीत या घड्याळाने खरी कामगिरी केली, पण तिथेही पहिला आठवडा वाया गेला. तोंड धुणे, कपडे बदलणे, दात घासणे, गोष्ट, दिवा बंद, अशा प्रत्येक टप्प्याला मी वेगळी वेळ लावत होते. रात्रीतून चार-पाच वेळा पिपाणी वाजे आणि प्रत्येक पिपाणीला माझा आवाज चढे. आता चकती एकदाच, चाळीस मिनिटांवर लावतो. कामे आटोपल्यावर जेवढे लाल उरेल तेवढा वेळ गोष्टींचा. रेंगाळायचे की आवरायचे, हे त्याचे तो ठरवतो, आणि तीन-चार रात्रींतच त्याला हिशेब जमू लागला. एक पथ्य आम्ही कसोशीने पाळतो: लाल पूर्ण संपले तरी एक गोष्ट हक्काची. ती काढून घेतली तर घड्याळाचा छडी म्हणून वापर सुरू होईल, आणि मग ते न घेतलेलेच बरे.

चाळीस मिनिटांचा एवढा अट्टहास कशासाठी, असे कोणी विचारील. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह दिवसाला १० ते १३ तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये केली आहे. सकाळी उठण्याची वेळ शाळेने ठरवलेली असल्यामुळे ताण फक्त रात्रीच्या टोकालाच देता येतो, आणि आमच्याकडे रोजचा अर्धा-पाऊण तास तिथेच गळत होता.

या घड्याळात दिवा नाही, ही उणीव वाटेल, पण मी तो त्याचा सर्वांत मोठा गुण मानते. कोलोराडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांवर केलेल्या एका छोट्या अभ्यासात, झोपेच्या आधी तासभर प्रखर प्रकाशात बसवलेल्या मुलांमध्ये झोपेला पूरक असलेल्या मेलाटोनिनचे प्रमाण सुमारे ८८ टक्क्यांनी खाली आले होते आणि प्रकाश काढून घेतल्यावर पाऊण तास उलटला तरी ते पूर्ववत झाले नव्हते. अशीच चकती फोनवर फुकट मिळते, हे खरे. पण त्यासाठी उजळलेला पडदा अंथरुणाशी न्यावा लागतो आणि त्या पडद्याच्या मागे दुसरे काय काय दडलेले आहे, हे मुलाला पक्के ठाऊक असते.

मंद प्रकाशातली एक गंमत सांगायलाच हवी. गोष्टीच्या वेळी मोठा दिवा मालवून कोपऱ्यातला लहान दिवा लावला की चकती लाल दिसत नाही. “आई, लाल काळं का झालं?” हा प्रश्न मला आठवडाभर रोज ऐकावा लागला. अंधुक उजेडात डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात, त्यांना लाल रंग जवळजवळ जाणवतच नाही, म्हणून तो काळपट भासतो. एकोणिसाव्या शतकात चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी हे टिपले होते आणि आजही हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. व्यवहारात यामुळे काहीच अडत नाही, उलट पांढऱ्यावर काळे अधिक ठसठशीत दिसते.

दोष मात्र बरेच आहेत. ‘निःशब्द’ असे खोक्यावर छापलेले असले तरी शांत खोलीत टिकटिक स्पष्ट ऐकू येते. आम्ही ते उशापासून दूर, दाराजवळच्या फळीवर ठेवतो. पिपाणी कर्कश आहे, आवाज कमी करण्याची सोय नाही आणि झोपलेल्या धाकटीला तिने दोनदा उठवल्यापासून ती कायमची बंद आहे. आकडे नेहमीच्या घड्याळाच्या उलट दिशेने मांडलेले असल्यामुळे, नुकतेच घड्याळ वाचायला शिकू लागलेल्या मुलाचा गोंधळ होतो. पाच मिनिटांसारख्या लहान वेळेसाठी ते फारसे नेमके नाही, कारण मूठ केसभर इकडे-तिकडे झाली की मिनिटभराचा फरक पडतो. आमचा पहिला नग सहाव्या आठवड्यात अडला, कारण मुलाने गोष्टी वाढवण्यासाठी चालू चकती हाताने मागे ओढली होती. विक्रेत्याने तीन पत्रांनंतर नग बदलून दिला. तेवढ्यावर तो विषय संपला.

सेलच्या झाकणाची बाब अधिक गंभीर आहे. त्याला स्क्रू नाही, नुसती खिटी आहे, आणि दोन वर्षांच्या मुलीने ती नखाने उघडली. आम्ही वर चिकटपट्टी लावली आहे. याच प्रकारच्या लहान घड्याळांत काही वेळा नाण्याच्या आकाराचा लिथियम सेल असतो. तसा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथे गंभीर इजा होऊ शकते. तेव्हा घरात तान्हे किंवा रांगते मूल असेल तर स्क्रूचे झाकण पाहूनच खरेदी करावी.

धाकटीसाठी हे घड्याळ निरुपयोगी आहे. तिच्या लेखी ते एक फिरवण्याजोगे चाक आहे. तिला झोप येते ती रोजच्या ठरलेल्या क्रमाने. अमेरिकेतल्या निद्रा-संशोधक जोडी मिंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४०५ मातांनी भाग घेतला होता. ज्यांनी दोन आठवडे रोज आंघोळ, मालीश आणि शांत वेळ हा क्रम त्याच ओळीने पाळला, त्यांच्या मुलांना अंथरुणात शिरल्यावर लवकर झोप लागू लागली, आणि त्यात घड्याळ कुठेही नव्हते. तीन वर्षांखालील मुलासाठी म्हणूनच मी हे सुचवणार नाही. चार ते सात या वयासाठी, आणि जेवणाच्या ताटापासून लांब ठेवण्याच्या अटीवर, जरूर सुचवेन.

सेल संपत आल्याची कोणतीही खूण हे घड्याळ देत नाही, हे राहून गेले. मागच्या आठवड्यात एका रात्री चकती पंधराच्या आसपास थबकली होती. दर गोष्टीनंतर मी मान वर करून बघत होते, लाल शिल्लक दिसत होते आणि नियमाप्रमाणे पुढची गोष्ट सुरू होत होती. पाचवी गोष्ट संपल्यावर माझ्या लक्षात आले की टिकटिक ऐकू येत नाही. मुलाच्या ते बहुधा दुसऱ्या गोष्टीपासूनच लक्षात आले होते.