प्लॅसेंटेशनच्या ५ स्लाइडचा सेट : ३ स्टार, तेही कार्नेशनमुळे

अकरावीच्या बॅचसाठी ऑनलाइन मागवला, ७५० रुपये. बॉक्स मस्त आहे, स्लाइड एकही फुटली नाही. आत वाटाणा, जास्वंद, मोहरी, कार्नेशन आणि सूर्यफूल, म्हणजे प्लॅसेंटेशनचे, फुलाच्या अंडाशयात बीजांडं (ज्यांच्या पुढे बिया होतात) कुठे चिकटलेली असतात त्याचे, पुस्तकातले पाचही प्रकार.

जास्वंद एक नंबर. पाच कप्पे, मधे खांब आणि प्रत्येक कप्प्यातली बीजांडं त्या खांबाला धरून, अ‍ॅक्झाइल म्हणजे काय ते पोरांना न सांगता कळलं. पण खरं सांगू का, भेंडी आडवी कापली तरी हेच दिसतं, ती जास्वंदीच्याच घराण्यातली, पाव किलोत अख्खी बॅच उरकते. वाटाण्याचं पण तेच, शेंग सोलली की सगळे दाणे एकाच शिवणीला, त्याला मायक्रोस्कोप कशाला?

आता खरी तक्रार. मोहरीच्या स्लाइडवर चक्क 'अ‍ॅक्झाइल' लिहिलंय!! मधे पडदा दिसतो, दोन कप्पे दिसतात, म्हणून लेबल लावणारा फसला असणार. अहो तो पडदा खोटा, मागाहून तयार झालेला, आणि बीजांडं पडदा भिंतीला टेकतो तिथे आहेत, मधे नाहीत, म्हणजे पॅरायटल. माझ्याही लक्षात आलं नव्हतं, एका पोरीनेच विचारलं, "सर, मग खांब कुठंय?" दुसऱ्या दिवशी घरून पपई नेली, तिच्यात पडदाबिडदा काही नाही, बिया सरळ भिंतीला, विषय संपला.

सूर्यफुलाचा तर आडवा छेद दिलाय. बेसल म्हणजे एकच बीजांड आणि तेही तळाला, मग आडव्या छेदात तळ दिसणार कसा, नुसती वाटीत टिकली दिसते. इथे उभाच छेद पाहिजे.

कार्नेशन मात्र बघत बसावं असं. गोल खोली, मधे एकटा खांब, त्याच्याभोवती बीजांडं, आणि खांबापासून भिंतीपर्यंत एक पडदा नाही (कळी कोवळी असताना असतात, मग विरून जातात). हे घरच्या भाजीत नाही दाखवता येत.

सेलरला मोहरीचा फोटो पाठवला, उत्तर आलं 'प्रॉडक्ट डिस्क्रिप्शनप्रमाणे आहे'. बरं. लेबल खरवडून मीच मार्करने पॅरायटल लिहिलं. कार्नेशनची सुटी स्लाइड कुठे मिळाली तर तेवढीच घ्या.