दांडिया बाजारातल्या पेंटरकडून करून घेतलेली पाटी

बडोद्याच्या दांडिया बाजारात मुख्य रस्ता सोडून आत वळणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखालच्या अरुंद जागेत, हाताने पाट्या रंगवून देणारे एक जुने दुकान अजून चालू आहे. दुकानावर स्वतःची पाटी मात्र नाही. यावरून प्रत्येक गिऱ्हाईक एकच विनोद करते आणि पेंटरकाका तो प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे ऐकून घेतात. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्याकडे डॉक्टर-वकिलांची नावे, सोसायटीच्या सूचना आणि गणपती मंडळांचे फलक एवढेच काम उरले आहे. गेल्या जानेवारीत मी त्यांच्याकडून एक निराळी पाटी करून घेतली. ती आता वापरूनही झाली असल्यामुळे तिच्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल.

आमचा मुलगा समलिंगी आहे आणि मुंबईला नोकरी करतो. फेब्रुवारीत तिथे निघणाऱ्या प्राइड मार्चमध्ये, म्हणजे समलिंगी माणसे आणि त्यांचे पाठीराखे उघडपणे काढतात त्या मोर्चात, मी आणि पत्नी अशा आम्ही दोघांनी त्याच्यासोबत चालायचे ठरवले होते, आणि हातात धरायला पाटी हवी होती. त्यासाठी मी आधी एका डिजिटल प्रिंटिंगच्या दुकानात गेलो. तिथल्या तरुणाने मजकूर वाचला, कागद माझ्याकडे परत सरकवला आणि मशीन बिघडल्याचे सांगितले. त्याच्या पाठीमागे ते मशीन कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर छापत होते. मी वाद घातला नाही. अडुसष्टाव्या वर्षी असले वाद घालण्याची सवय नव्याने लावून घ्यावी लागते, आणि ती त्या दिवशी लागलेली नव्हती.

पेंटरकाकांनी तोच कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, “साहेब, ही किती लांबून वाचली गेली पाहिजे?” या एका प्रश्नासाठी मी या दुकानाला निम्मे गुण देऊन टाकीन. त्यांच्या धंद्याचा हिशेब सरळ आहे: अक्षर एक इंच उंच असेल तर ते दहा फुटांवरून आरामात वाचता येते. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसापर्यंत, म्हणजे पंचवीस-तीस फुटांपर्यंत पोचायचे असेल तर अक्षर तीन इंचांचे हवे. शिवाय देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांट्या व मात्रा आणि खाली उकार येत असल्यामुळे दोन ओळींमध्ये मोकळी जागा सोडावी लागते, जी इंग्रजी अक्षरांच्या मापाने आखणी करणारे नेमकी विसरतात. मी लिहून नेलेला मजकूर पाच वाक्यांचा होता. काकांनी त्यातली तीन वाक्ये खोडली आणि म्हणाले, “चालत्या माणसाच्या हातातली पाटी आहे, लग्नपत्रिका नाही.” उरला तो मजकूर असा: आमचा मुलगा समलिंगी आहे. त्याला आमचा पाठिंबा आहे.

घरी आल्यावर मी पत्नीला हे सांगितले, तेव्हा तिला जीन मॅनफर्डच्या पाटीची आठवण झाली. तिच्याविषयी मुलानेच आम्हांला सांगितले होते. ही न्यूयॉर्कमधली शाळेत शिकवणारी बाई (माझी पत्नीही तीस वर्षे मराठी शिकवत होती, त्यामुळे तिला या तपशिलाचे विशेष कौतुक). तिचा मुलगा मॉर्टी समलिंगींच्या हक्कांच्या चळवळीत होता. एप्रिल १९७२ मध्ये एका निदर्शनात त्याला मारहाण झाली आणि पोलीस बघत उभे राहिले. त्यावर तिने ‘न्यूयॉर्क पोस्ट’ला पत्र लिहिले. माझा मुलगा समलिंगी आहे आणि माझे त्याच्यावर प्रेम आहे, असे तिने त्यात स्वतःच्या नावानिशी लिहिले होते. त्याच वर्षी २५ जूनला ती मुलासोबत मोर्चात चालली. तिच्या हातातल्या पाटीवर समलिंगी मुलांच्या पालकांनी आपल्या मुलांच्या पाठीशी एकत्र उभे राहावे, अशा अर्थाचे एकच वाक्य होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी आरडाओरडा आणि टाळ्या सुरू झाल्या, तेव्हा तिला वाटले की हे सगळे मागून चालणाऱ्या डॉक्टर स्पॉक यांच्यासाठी आहे, कारण बालसंगोपनाचे तज्ज्ञ म्हणून त्यांना सारा देश ओळखत होता. टाळ्या तिच्यासाठी होत्या. अनोळखी मुले धावत येऊन तिला मिठी मारत होती आणि आमच्या आईशी बोलाल का, असे विचारत होती. त्यातूनच ११ मार्च १९७३ रोजी ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये पालकांची पहिली बैठक भरली. वीसेक माणसे आली होती, आणि पुढे त्यातूनच ‘पीफ्लॅग’ ही पालकांची संघटना उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळे पेंटरकाकांना सांगितले. त्यांनी रंग ढवळता ढवळता ऐकले आणि विचारले, “मग आपल्या पाटीखाली नाव काय घालायचे?”

नाव घालायचे मी ठरवलेच नव्हते, हे मला तेव्हा कळले. ज्या गावात आजोबांपासून आम्ही राहतो, ज्या गावात आडनावावरून माणसे कुळ आणि वाडा दोन्ही सांगतात, तिथे पाटीखाली नाव लिहिणे म्हणजे काय ते बडोदेकरांना समजावून सांगायला नको. काका म्हणाले, “नाव नसलेली पाटी नगरपालिकेची असते.” मी दोन दिवस मागून घेतले.

त्या दोन दिवसांत मला वर्तमानपत्रांतल्या जाहीर नोटिशी आठवत राहिल्या. अमुक मुलाशी आमचा काही संबंध नाही, त्याच्याशी कोणी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार नाही, ही भाषा आपल्याकडे आईबाप नाव, पत्ता आणि वकिलाच्या सहीसकट छापतात. इथून जवळच्या राजपीपळ्याच्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह गोहिल यांनी २००६ साली आपण समलिंगी असल्याचे उघड सांगितले, तेव्हा त्यांच्या घरच्यांनीही संबंध तोडल्याचे वर्तमानपत्रातूनच जाहीर केले होते. तोडायचे असेल तेव्हा नावाची लाज वाटत नाही, ही गोष्ट मला त्या आधी कधी खटकली नव्हती. उलट बाजूने नाव लावणारे पालक आपल्याकडे नव्हते असे नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा खटला सर्वोच्च न्यायालयात होता, तेव्हा १९ पालक त्यात आपले म्हणणे मांडायला पुढे आले होते. मराठी रंगभूमीवरच्या चित्रा पालेकर आपल्या मुलीविषयी कित्येक वर्षे उघडपणे बोलत आल्या आहेत. आणि २०१५ साली पद्मा अय्यर यांनी मुलासाठी वर पाहिजे अशी जाहिरात मुंबईच्या ‘मिड-डे’त दिली, तीही काही वर्तमानपत्रांनी नाकारल्यानंतर. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. म्हणजे या माणसांनी नाव लावले तेव्हा हा निकाल अजून लागायचा होता, आणि मी मात्र निकाल लागून इतकी वर्षे झाल्यावरही जिन्याखालच्या दुकानाबाहेर घुटमळत होतो.

शेवटी खालची ओळ ठरली. आम्हां दोघांची पूर्ण नावे, आडनावासकट, आणि त्यांच्यापुढे ‘बडोदे’.

आता मालाविषयी. चार मिलिमीटरच्या प्लायवुडवर पांढऱ्या रंगाचे दोन हात आणि वर काळ्या इनॅमलची अक्षरे. दोन फूट रुंद, अडीच फूट उंच, काठीसह वजन दीड किलोच्या आसपास. अक्षरे आधी कागदावर खाका काढून उतरवली आहेत, तरी प्रत्येक ‘आ’ किंचित वेगळा आहे आणि ‘समलिंगी’तल्या ‘लिं’ची वेलांटी शिरोरेघेवरून अशी काही झुकली आहे की कोणत्याही संगणकाच्या टायपात ती सापडणार नाही. एक चूक झाली होती: काकांनी ‘पाठींबा’ असा दीर्घ काढला होता. पाटी न्यायला आलेल्या माझ्या पत्नीने ते उंबऱ्यातूनच पाहिले. काकांनी हुज्जत न घालता अक्षर टर्पेंटाइनने पुसून ऱ्हस्व केले, पण नीट उजेडात पाहिल्यास तिथे एक करडी सावली दिसते. “दीर्घ जास्त भक्कम दिसतो, बाई,” एवढे मात्र ते म्हणाले. बाईंना ते पटले नाही.

तीन दिवसांत देतो म्हणून सहा दिवस लावले, ही तक्रार आहे. रंग पुरता वाळला नव्हता, त्यामुळे रात्रीच्या गाडीत पाटी वरच्या बर्थवर चादरीत गुंडाळून ठेवली तेव्हा चादरीला काळे लागले. साडेआठशे रुपये मात्र मला रास्त वाटले. सनपॅकची, म्हणजे हलक्या पोकळ प्लास्टिकच्या शीटची, पाटी निम्म्या पैशांत झाली असती, पण मुंबईच्या वाऱ्यात तिचा पापड झाला असता. आमच्या पुढे चालणाऱ्या मुलीच्या पाटीचा झालाच.

ऑगस्ट क्रांती मैदानातून निघाल्यावर पाटीची खरी परीक्षा झाली. पलीकडच्या पदपथावरचा नारळवाला मजकूर ओठ हलवत वाचताना मला दिसला, म्हणजे तीन इंचांचा हिशेब बरोबर होता. खालची नावांची ओळ जेमतेम एक इंचाची असल्यामुळे ती वाचायला जवळ यावे लागते. एक विशी-पंचविशीचा मुलगा तशी ती वाचायला आला आणि फक्त ‘बडोदे’ या शब्दाचा फोटो काढू का, असे त्याने विचारले. तो बडोद्याच्याच कारेलीबागेतला निघाला. मित्राच्या लग्नाला जातो असे घरी सांगून आला होता. माझ्या पत्नीने त्याला डब्यातली भाकरवडी दिली आणि पुढचा अर्धा तास तो आमच्याबरोबर, पण पाटीच्या मागच्या बाजूने चालला.

काठीचा एक खिळा चौपाटीला पोचेपर्यंत सैल झाला, हा पाटीतला दुसरा दोष. परत आल्यावर काकांनी तो काढून स्क्रू बसवून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. निघताना मी खाक्याचा कागद मागितला, तर म्हणाले तो इथेच राहू द्या. दुसरे कोणी आले तर वरच्या चार ओळी याच वापरता येतील, खालची तेवढी बदलायची, आणि आखणीचे काम वाचल्यामुळे त्यांना सातशेच लावीन.