पांढरा रस्सा गोड लागला, तरी ‘पूर्वीची चव राहिली नाही’ असं लिहिणार नाही

⭐⭐⭐

कोल्हापुरात स्टेशनजवळची जुनी खानावळ, नाव मुद्दाम देत नाही. लग्नानंतर आम्ही इथे बऱ्याचदा जेवायचो, मग बरीच वर्षं जाणं झालं नाही. परवा मटण ताट घेतलं. पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली आणि थबकलेच. गोड! अळणी पाण्याची, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्याची चव, खसखस, नारळाचं दूध आणि मागून मिऱ्याचा झणका, अशी माझी अपेक्षा; इथे काजूच पुढे पुढे करत होता. नवरा शांतपणे म्हणाला, “अगं, पहिल्यापासून असाच आहे.”

मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून वाद तिथेच सोडला. जागी झालेली आठवण काही काळ कच्ची होऊ शकते, तेवढ्यात बदलूही शकते. नाडर, शेफ आणि लडू या संशोधकांनी 2000 साली उंदरांमध्ये हे दाखवलं: भीतीची पक्की झालेली आठवण जागी करून लगेच मेंदूतल्या अमिग्डाला या भागात प्रथिनं बनणं औषधाने रोखलं, तर ती पुन्हा नीट बसली नाही. आणि अपेक्षा फसली की हे कच्चेपण येण्याची शक्यता वाढते. टोरोंटोच्या सिंक्लेअर आणि बॅरेन्स यांच्या 2018च्या प्रयोगात लोकांना आधी पाहिलेले छोटे व्हिडिओ परत दाखवले, पण काही ऐन रंगात आल्यावर तोडले. मग तसेच दुसरे व्हिडिओ दाखवले. पुढे आठवायला सांगितल्यावर तोडलेल्या व्हिडिओंच्या आठवणींत दुसऱ्यांमधले तपशील जास्त घुसले.

माझा पहिला घोट म्हणजे असाच तोडलेला व्हिडिओ. त्यानंतर मला जो ‘जुना रस्सा’ आठवतोय, त्यात परवाचं किती मिसळलंय, देव जाणे. (नवऱ्याला धक्काच बसला नाही, म्हणून त्याची आठवण बरोबर, असंही नाही हं.) ‘पूर्वीची चव राहिली नाही’ छापाचे रिव्ह्यू मी तरी आता जरा सावधपणेच वाचते.

तेव्हा फक्त परवाच्या ताटाबद्दल. तांबडा फक्कड, घसा धरणारा पण जळजळीत नाही. सुकं मटण मऊ, हाडं मात्र जास्त. भाकरी तव्यावरून थेट पानात. पांढऱ्याला मिरे हवेतच. रस्सा मागाल तेवढा वाढतात. मी पुन्हा तांबडा घेतला, नवऱ्याने पांढरा. रविवारी दुपारी एकच्या आत पोचा, नंतर रांग रस्त्यावर येते.